परत आणणाऱ्याला चहा

शेवंताआत्याच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस फाटकातच थबकायचा. आपण चुकून एखाद्या दवाखान्यात शिरलो असं त्याला वाटायचं. पडेगावात, दौलताबाद रस्त्यापासून जरा आत, तिचं पत्र्याच्या पडवीचं घर. पडवीत भिंतीला टेकलेल्या कुबड्या, एकात एक अडकवलेले वॉकर, दोरीवर वाळत घातलेल्या हवेच्या गाद्या, चाकाच्या खुर्च्या आणि या सगळ्याच्या मधोमध पेपर वाचत बसलेले आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा. अनोळखी माणूस हमखास त्यांनाच विचारायचा, "काका, तुम्हाला काय झालंय?"

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मितभाषी. पेपर खाली न घेता म्हणायचे, "लग्न."

आत्याची जन्मतारीख कुणाकडेच नव्हती. पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या सुगीत ती झाली एवढं नक्की. "निजाम गेला न शेवंता आली," असं आमची आजी सांगायची, जणू एकानं उठून दुसऱ्याला जागा करून दिली होती. चितेगावकडच्या आमच्या शेतावर ती वाढली, आणि लग्न होऊन शहराच्या या टोकाला आली तरी तिच्या डोक्यातलं शेत काही सुटलं नाही. एखादी वस्तू कोपऱ्यात नुसती पडून आहे हे तिला पडीक रान बघितल्यासारखं लागायचं.

या सगळ्या पसाऱ्याला मी कारणीभूत आहे, हे मी आमच्या घरात अनेकदा सांगितलंय आणि कुणी मनावर घेतलेलं नाही. तरी सांगतो. आत्या पन्नाशीत असताना कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेली आणि परत येताना शेवटची पायरी विसरली. पाय मोडला. मी नुकताच कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो होतो. मोठ्या ऐटीत एक वॉकर विकत घेऊन गेलो. आत्या त्याच्या आधारानं चालली, बरी झाली, आणि मी मनाशी धरून चाललो की आता हा वॉकर भाच्याच्या प्रेमाची खूण म्हणून देवघराशेजारी राहणार.

पुढच्या खेपेला गेलो तर वॉकर गायब.

"शेजारणीच्या सासूला दिला," आत्या म्हणाली.

"आत्या, मी तो तुझ्यासाठी आणला होता."

"मग? मी चालले की त्याच्यावर. आता म्या चालती, त्यो नुसता बसतोय. माणूस बसला तरी मी त्याला कामाला लावते, ही तर वस्तू हाय."

पेपरामागून मामांनी मान हलवली. त्यांना या वाक्याचा अनुभव होता.

शेजारणीच्या सासूनं महिना-दोन महिन्यांनी वॉकर परत आणला तेव्हा त्याच्या पायांना नवे रबर होते, आणि सोबत त्यांच्या माळ्यावर सापडलेली एक कुबडी. कुबडीनं काठी आणली, काठीनं चाकाची खुर्ची आणली. वर्षभरात मामांची पडवी गेली. ते एका खुर्चीपुरते उरले आणि तक्रार न करता तिथंच राहिले.

आत्याचे नियम थोडे होते, पण कडक होते. वस्तूचं भाडं नाही, अनामत नाही. ज्यानं वापरली त्यानंच ती परत आणायची. तो चालत आला तर फार उत्तम, नाहीतर रिक्षातून यावं, पण यावं. माणूस गेलाच तर घरातल्या कुणीतरी यायचं. वस्तू नेली तेव्हापेक्षा जरा बरी करून आणायची; कुणी नट बसवायचं, कुणी गादीला खोळ शिवायचं. आणि परत आणणाऱ्यानं चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. नेणाऱ्याला मात्र चहा मिळत नसे. "त्याच्या घरी कुणी कण्हतंय, त्याला कशाला बसवून घेऊ?" परत आणणारा निवांत असतो, त्याला बोलायचं असतं, हे ती कधी कुणाकडून शिकली कोण जाणे.

उपकार हा शब्द त्या पडवीत चालत नसे. एकदा एक गृहस्थ वॉकर परत करताना हात जोडून म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"अहो, उपकार काय त्यात," आत्या म्हणाली. "कॅनॉलचं पाणी कसं येतं? पाळीनं. तुमची पाळी झाली, आता खालच्या रानाची. पाणी काय फेडता व्हय?" मग मामांकडे बघून, "आवो, तुमच्या खात्याचंच सांगतेय. बरोबर हाय ना?"

"आमच्या खात्यात इतकं बरोबर नसतं," मामा म्हणाले.

माझं लग्न ठरायच्या वेळची गोष्ट सांगितली नाही तर घरचे मला जेवायला देणार नाहीत. मुलीचे वडील, म्हणजे पुढे माझे सासरे झाले ते, मला बघायला आत्याच्या घरी आले. सासरे कोर्टात शिरस्तेदार होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, बोलताना प्रत्येक वाक्याला शिक्का मारल्यासारखा शेवट. पडवीत आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळ्यात भक्कम, हातांची, पाठीला छान उतार असलेली खुर्ची निवडून तिच्यावर स्थानापन्न झाले.

ती कमोडची खुर्ची होती. झाकण लावलेलं होतं, वर आत्यानं शिवलेली फुलाफुलांची गादी होती, त्यामुळे ओळखू येत नव्हती. पण मला येत होती. मी आत्याला खुणा करत होतो, मामांना खुणा करत होतो. सासऱ्यांना वाटलं असावं की मुलाच्या मानेला काही झटका वगैरे येतो.

आत्यानं शांतपणे पोहे दिले. सासरे रेलून बसले, हात खुर्चीच्या दांड्यांवरून फिरवले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातला शिक्का उतरला. "तुमची खुर्ची फार आरामाची आहे हो."

"बसा की निवांत," आत्या म्हणाली.

लग्न ठरलं. ते गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. "तू सांगितलं का नाहीस त्यांना?"

"कशापायी? माणूस आरामात बसलाय, त्याला उठवायचं कशाला?"

माझी बायको अजून म्हणते की त्या खुर्चीवर बसल्यामुळेच बाबांचा होकार आला, तुझ्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

पण आत्याची खरी गोष्ट पलंगाची आहे.

सिल्लोडचे एक हाजीसाहेब, कापसाचे व्यापारी. त्यांनी आईसाठी दवाखान्यात असतो तसा लोखंडी पलंग घेतला होता. पायथ्याचं हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते तसा. आई गेली, आणि कुणाकडून तरी ऐकून ते स्वतः टेम्पोत बसून पलंग आत्याकडे पोहोचवायला आले. पहिल्यांदा तो गफूर पेंटरच्या वडिलांनी नेला. गफूर पडेगावच्या गॅरेजांमध्ये ट्रक रंगवायचा. वडील बरे होऊन चालायला लागले, तेव्हा पलंग बरा करून द्यायचा म्हणून त्यानं तो ट्रकसारखाच रंगवला. डोक्याशी दोन मोर, पायथ्याशी कमळ, आणि मागच्या पट्टीवर ट्रकवाल्यांच्या निरोपाला उलटं करून झोकदार अक्षरात लिहिलं: 'पुन्हा भेटू नये'.

"खाला, बरोबर लिखा ना मैंने?" त्यानं विचारलं.

"येकदम बरोबर," आत्या म्हणाली. तिला तो पलंग सगळ्यात आवडता.

पुढे त्याच पलंगावर लागोपाठ तीन म्हातारी माणसं गेली. तिघांचीही वयं झालेली होती. पण वस्ती वय मोजत नाही, पलंग मोजते. मोराचा पलंग माणूस घेतो, अशी बोलवा उठली. लोक गादी नेत, खुर्ची नेत, आणि पलंगाकडे बघितल्या न बघितल्यासारखं करून निघून जात.

त्याच सुमारास रानोबा पडला. हा धनगर, वस्तीच्या पलीकडच्या माळावर मेंढरं घेऊन राहायचा. बाभळीचा पाला तोडताना फांदीसकट खाली आला आणि कमरेचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, बरेच दिवस पडून राहायचं. रानोबा जमिनीवर घोंगडी टाकून पडला. त्याला कुशीवर वळवायला त्याची बायको सखूबाई एकटी, आणि रानोबा अंगानं आडवातिडवा. पाठीला जखमा झाल्या. त्या चिघळायला लागल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल, पण या जखमांनीच माणूस जाईल. वर उचलणारा पलंग आणा, हवेची गादी आणा."

सखूबाई आत्याच्या पडवीत आली. हवेची गादी काखेत घेतली. पलंग बघितला, मोर बघितले, आणि मागे सरली.

"ह्यो नगं."

"अगं, ह्योच पायजे," आत्या म्हणाली. "दुसरा नाय माझ्याकडं."

"आक्का, तुमी चांगल्या मनानं देताय. पर ह्येच्यावर तीन गेलीत. मालकाला म्या चौथा करू व्हय?"

तिला समजावायला मी होतो. मी तेव्हा व्याख्यानं द्यायचो, विज्ञान आणि समाज अशा विषयांवर. मी सखूबाईला लोखंड, जंतू आणि योगायोग या तिन्ही गोष्टी समजावून सांगितल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुमी निजा की भाऊ."

मी निजलो. पण तेव्हापासून आमच्या घरात असं सांगितलं जातं की झोपताना माझा एक पाय जमिनीवर टेकलेला होता. तो टेकलेला नव्हता. लटकत होता.

"उठ," आत्या म्हणाली. आणि ती स्वतः त्याच्यावर निजायला लागली. रोज दुपारी, फाटक सताड उघडं ठेवून, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी. तिचं घोरणं ऐकून शाळेतून येणारी पोरं फाटकाशी थांबायची. मामा पेपर वाचत शेजारी. कुणी विचारलं, "आत्याबाई बऱ्या हायत ना?" की म्हणायचे, "आवाजावरून वाटतात."

सखूबाई मात्र बधेना. तिकडे रानोबाला ताप यायला लागला होता. आत्याचं जेवण कमी झालं. मी तिला तशी आधी कधी बघितली नव्हती. हातात वस्तू आहे, समोर गरज आहे, आणि मधे फक्त एक भीती उभी आहे. आणि ती भीती ना उचलून बाजूला ठेवता येते, ना कुणाला देता येते.

एका दुपारी सखूबाई आली ती एक मेंढी घेऊन. पोट खाली आलेली, भरल्या दिवसांची मेंढी.

"आक्का, तुमी निजता, पर तुमी जिद्दीनं निजता. माणूस जिद्दीपायी कुटं बी निजंल. जनावर खोटं निजत नाय. ही येका जाग्यावर बसत नाय, वंगाळ जागा असंल तर लात मारती. ही ह्येच्यावर बसली तर म्या नेते पलंग."

आत्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती हसणार. ती म्हणाली, "दिल्या, मागनं धर."

इंग्रजीच्या प्राध्यापकानं एका धनगरणीच्या मदतीनं मेंढी दवाखान्याच्या पलंगावर चढवली. मेंढीनं आधी चादरीचा कोपरा खाल्ला. मग उशी हुंगली. मग मोरांकडे बराच वेळ बघितलं. फाटकाशी ही गर्दी. गफूर पेंटर ब्रश हातात घेऊनच आला होता.

मेंढी गोल फिरली, पुढचे गुडघे दुमडले आणि बसली.

सखूबाईनं श्वास सोडला. पण मेंढीचं अजून संपलं नव्हतं. ती परत उठली, परत बसली, पाय ताणले, आणि एक वेगळाच आवाज काढला. सखूबाई पुढे धावली. "अगं माझे बये, आत्ताच?"

आत्यानं पदर खोचला. "दिल्या, हँडल फिरव, जरा सपाट कर."

मी हँडल फिरवलं ते उलटं. मेंढीचं डोकं वर गेलं. आत्या मला जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मामा पहिल्यांदाच खुर्चीतून उठले आणि त्यांनी आपला न वाचलेला पेपर पसरून दिला. तेवढ्यात पहिलं कोकरू आलं, आणि सगळे हुश्श करतात तोवर दुसरं. ओली, थरथरती, मोरांच्या पायाशी धडपडत उभी राहू पाहणारी दोन कोकरं.

"तीन गेले व्हते," सखूबाई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "दोन आले. आता पुढं माझा मालक."

"खाला, इस पे भेडी भी निकालूं क्या?" गफूर म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी, पलंग जायच्या आधी, त्यानं मोरांच्या मधे दोन पांढरी कोकरं रंगवली. ती जरा सशांसारखी झाली, पण कुणी बोललं नाही.

पलंग माळावर गेला. जखमा सुकल्या, ताप उतरला. पावसाळा सरता सरता रानोबा काठी टेकत आत्याच्या फाटकात उभा राहिला. मागे हातगाडीवर पलंग, त्याला नवं लोकरीचं जेन, अंथरायचं जाड घोंगडं, बांधलेलं, आणि हातगाडीमागे ती दोन्ही कोकरं. त्या दिवशी चहा दोनदा झाला. आणि मोराचा पलंग म्हणून जो टाकला होता, तो लोक आता मेंढीचा पलंग म्हणून मागून नेऊ लागले. माझी व्याख्यानंही मी त्यानंतर हळूहळू कमी केली.

ग्रेसबाई आल्या त्या याच काळात. शहरातल्या समाजकार्याच्या एका संस्थेत त्या नैरोबीहून आल्या होत्या. लोक आपापसांत कसं देतात, कसं वाटून घेतात, याचा देशोदेशी फिरून अभ्यास करत होत्या. दुभाषा म्हणून मला नेलं. आदल्या दिवशी दौलताबादचा किल्ला चढताना बाईंचा पाय मुरगळला होता. त्या लंगडत पडवीत आल्या, तर प्रश्न सुरू व्हायच्या आतच आत्यानं त्यांच्या हातात तीन पायांची काठी दिली.

बाईंनी वही उघडली आणि विचारलं, की यात देणारे कोण आणि घेणारे कोण?

मी ते भाषांतर करून सांगितलं. आत्याला प्रश्नच कळेना. "म्हंजी? ज्यानं नेलं त्यानं आणलं. ज्यानं आणलं त्यानं दुसरं कायतरी नेलं." मग काठीकडे बोट दाखवून, "तिला म्हणावं, आत्ता तू घेणारी. उद्या आणून देशील तवा देणारी. वहीत दोन्हीकडं लिव्ह."

ग्रेसबाई हसल्या. म्हणाल्या, आमच्या गावात बायका मिळून खुर्च्या आणि मोठी भांडी घेतात. कुणाच्या घरी लग्न असो की मयत, ती तिथं जातात.

"ईचार तिला," आत्या पुढे सरकून म्हणाली, "भांडी घासून परत येतात का?"

मी विचारलं. बाईंनी कपाळाला हात लावला. दर बैठकीत याच्यावरूनच भांडण होतं, त्या म्हणाल्या.

"मग खरं बोलतेय बाई," आत्या समाधानानं म्हणाली. "भांडणच नसतं तर मला शंका आली असती."

त्यानंतर तासभर त्या दोघी बोलत होत्या, एक मराठीत, एक इंग्रजीत, आणि मधे मी काहीतरी म्हणत होतो त्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं. विमानाला जायच्या आधी ग्रेसबाई काठी परत करायला स्वतः आल्या. मुठीला त्यांच्याकडचं लाल-पिवळं कापड घट्ट गुंडाळून शिवलेलं. चहा घेतला. त्या काठीला वस्तीत अजून आफ्रिकेची काठी म्हणतात.

मामा गेले तेव्हा त्यांची साधी खुर्ची आत्यानं कुणाला दिली नाही. ती एवढीच एक वस्तू तिनं बसू दिली.

मागच्या वर्षी आत्या पुन्हा पडली. आता तिची पंचाहत्तरी उलटलेली, शहराचं नावही दरम्यान औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालेलं. पलंग पडवीतून आतल्या खोलीत गेला, आणि ती त्याच्यावर. मी भेटायला गेलो त्या दिवशी ती नुकती वॉकरवर उभी राहायला लागली होती. फाटकाशी टेम्पो थांबला होता. गफूरचा मुलगा आला होता. गफूरला अर्धांगवायूचा झटका आला होता, पलंग हवा होता.

"आत्या, तुला अजून लागतोय," मी म्हणालो. "त्यांना दुसरा बघू."

"माझी पाळी झाली," आत्या म्हणाली.

"मग मी आणि हा पोरगा मिळून उचलतो."

"तू कोण उचलणार? वापरला कुणी?"

आणि मग तिनं जे केलं ते मी तसंच सांगतो. एका हातानं वॉकर, दुसऱ्या हातानं पलंगाची दांडी. पलंगाला चाकं होती. गफूरचा मुलगा पलीकडून हळूच रेटत होता आणि रेटत नाहीये असं दाखवत होता. आतल्या खोलीतून पडवीपर्यंत अंतर ते काय असणार. पण ती दोनदा थांबली, घाम पुसला, उंबऱ्याला मला शिव्या दिल्या, आणि पलंग त्याच्या नेहमीच्या जागी, पडवीत आणून उभा केला. तिनं त्याला नवी गादी शिवून घेतली होती, तीही थोपटून दाखवली.

"आणला बघ परत," ती मला म्हणाली. "चहा ठेव."

मी आत जाऊन चहा ठेवला. पलंग टेम्पोत चढला. गफूरच्या मुलाला चहा नव्हता, तो नेणारा होता. टेम्पो दौलताबाद रस्त्याकडे वळला तेव्हा मोर आणि सशांसारखी कोकरं उन्हात चमकली, आणि गफूरची जुनी अक्षरं आता गफूरकडेच निघाली.

मी कप घेऊन बाहेर आलो. आत्या दमून सगळ्यात जवळच्या खुर्चीवर टेकली होती. भक्कम, हातांची, पाठीला छान उतार असलेली, वर फुलाफुलांची गादी. माझ्या सासऱ्यांनीही शेवटच्या आजारपणात हीच मागून नेली होती आणि मी परत आणली होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिनंच शिकवलं होतं, आरामात बसलेल्या माणसाला उठवायचं नाही.

आत्यानं बशीत चहा ओतला, फुंकर घातली, सावकाश प्याली. मग दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवरून फिरवले आणि डोळे मिटून मागे रेलली.

"दिल्या," ती म्हणाली, "तुझा सासरा खोटं बोलत नव्हता रं. लई आरामाची हाय."